चेलोवर घर चालतं का?
मी पेणची. पावसाळ्यात आमची एकच धास्ती, ओल! गणपती वाळत नाहीत. एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला गेले तेव्हा कळलं, चेलोवाल्यांचीही तीच रड. दमट हवेत लाकूड फुगतं, सूर हलतो. २००६ साली सुरू झालेल्या या ऑर्केस्ट्रात परदेशी वादकच जास्त. साहजिक आहे, लहानपणापासूनची तालीम इथे देणार कोण? एकेकाळी गोव्याचे वादक हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर घर चालवायचे. सिंथेसायझर आला, कामं आटली. सास्किया राव-द हास यांनी मात्र चेलोला तरफा लावून तो रागसंगीतात आणला.

रोह्याचा माझा मावसभाऊ, वय बारा, चेलोसाठी हट्ट धरून बसलाय. मावशी विचारते, "अगं, यात नोकरी लागते का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. शिवाय दिवा-रोहा गाडीत ते धूड चढवायचं कसं?