तंबोऱ्याची बैठक

घरांत पलंगास जागा असते, कपाटास असते, दूरचित्रवाणीस तर दिवाणखान्यांतील मानाची भिंत मिळते. परंतु पांच फूट उंचीचा तंबोरा मात्र ज्या कोंपऱ्यांत त्या वेळीं कोणाची अडचण नसेल त्या कोंपऱ्यांत उभा केला जातो. दिवाळीचे डबे आले कीं तो माडीवर जातो, पाहुणे आले कीं पलंगाखालीं, आणि मुलांच्या परीक्षा आल्या कीं शेजाऱ्यांकडे. आमच्या होटगीच्या घरांत तीन भावांची बिऱ्हाडें एकत्र नांदतात व तंबोरे दोन आहेत. त्यांतील मोठा आत्याबाईंचा. गेल्या उन्हाळ्यांत तो फुटला नसता तर हें लिहिण्याचें मला कारण पडलें नसतें.

होटगी हें सोलापूरच्या आग्नेयेस असलेलें जंक्शन; वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गास विजापूर-गदगचा फांटा येथें फुटतो. मुलूख उन्हाचा व काळ्या मातीच्या धुळीचा. मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि त्या कोरड्या हवेंत लांकूड असें आखडतें कीं तंबोऱ्याच्या खुंट्या आपोआप सैल पडतात. पावसाळ्यांत त्याच खुंट्या फुगून हलतां हलत नाहींत. आत्याबाई उन्हाळ्यांत खुंटीस खडू लावतात. एवढी एक काळजी आमच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात होती. ठेवण्याची काळजी मात्र कोणीच घेतली नव्हती.

तंबोरा कोणीं पाडला नाहीं. शहाबादी फरशीवर, भिंतीस टेकून, तो नेहमींप्रमाणें उभा होता. दुपारीं फरशी पुसलेली, घर निजलेलें. स्टेशनांतून मालगाडी गेली कीं आमच्या ताटाळ्यांतील भांडीं किणकिणतात, तशीं त्या दिवशींही किणकिणलीं असतील. भोपळा पुढें घसरला, दांडी भिंतीवरून सरकली, आणि तंबोरा उंबऱ्यावर आदळला. आम्ही धांवत आलों तेव्हां चारही तारा अजून घुमत होत्या. भोपळ्यास गळ्यापासून खालपर्यंत वीतभर तडा गेलेला. आत्याबाईंनीं त्यावरून एकवार हात फिरविला आणि "सांधेल का रे?" एवढेंच विचारलें. वयाच्या चौदाव्या वर्षापासून पहाटेचा खर्ज त्यांनीं याच तंबोऱ्यावर लाविला आहे. आतां त्यांचें वय ७६.

ज्यांस हा भोपळा म्हणजे भाजीचा भोपळा वाटतो त्यांच्यासाठीं दोन शब्द. तंबोऱ्याचा भोपळा निराळ्या जातीचा, जाड सालीचा. तो आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस भीमेच्या कांठीं पिकतो. वेलावर पूर्ण जून झालेलें फळ वाळवून मिरजेस जातें. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांस धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तरवारींचा काळ ओसरला तेव्हां त्यांच्यांतील फरीदसाहेबांसारखे कसबी लोक तंतुवाद्यांकडे वळले, आणि मिरजेचा तंबोरा हिंदुस्थानभर मान्य झाला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. मोठा, गोल व सारख्या सालीचा भोपळा मात्र मानांकनानें वेलावर लागत नाहीं. तो शंभरांत एखादाच निघतो असें कारागीर म्हणतात.

तेव्हां दादा आणि मी तो जखमी तंबोरा आळीपाळीनें मांडीवर घेऊन कुर्डुवाडी-पंढरपूरच्या वाटेनें मिरजेस गेलों. कारागिरानें तडा पाहिला, बोटानें ठोकून नाद ऐकला व सांधण्याचें कबूल केलें. भोपळा बदलूं नये असेंच त्याचें मत पडलें; नवा बसविला तर तंबोरा चांगला वाजेल, पण तो हाच असेल असें सांगवत नाहीं, असें तो म्हणाला. मग त्यानें विचारलें, "घरीं कशावर ठेवतां?" आम्ही एकमेकांकडे पाहिलें. "खालीं," दादा म्हणाला.

परत आल्यावर दादानें उत्साहानें एक चौकट ठोकली: खालीं सपाट फळी, मागें दोन खांब, वर आडवी पट्टी. दिसण्यांत झकास! आत्याबाईंनीं तंबोरा तींत ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. भोपळ्याच्या तळाशीं तारा अडकविण्याचा लंगोट असतो. सपाट फळीवर सारा भार त्या लंगोटावर येत होता. दुसरा दोष असा कीं, भोपळ्याचा फुगवटा मागें असल्यामुळें खांबांची पट्टी दांडीपर्यंत पोंचेचना.

उपाय सुचला तो स्वयंपाकघरांतून. वहिनी म्हणाल्या, "घागरीला चुंबळ लागते, मग याला नको का?" जुन्या लुगड्याची, वीतभर पोकळ मध्य असलेली जाड चुंबळ वळून तिच्यावर भोपळा बसविला, तों लंगोट मधल्या पोकळींत अधांतरीं राहिला व भार भोपळ्याच्या कडेस सर्व बाजूंनीं सारखा वांटला गेला. पुढचें सारें काम या चुंबळीभोंवतींच उभें राहिलें.

आमचा तंबोरा ४ फूट ८ इंच लांब आहे. त्याचीं मापें देतों, वाचकांनीं आपल्या वाद्यावरून फेरफार करावा. बैठक जुन्या दाराच्या सागवानी फळीची, २ फूट लांब व तितकीच रुंद. चुंबळ सरकूं नये म्हणून तिच्याभोंवतीं बोटभर उंचीची कड. मागें दोन खांब, ३ फूट ६ इंच उंचीचे, कुसवानें बैठकींत बसविलेले. येथें नुसत्या खिळ्यांवर विसंबूं नये, वर्षभरांत ते खिळखिळे होतात. खांबांच्या माथ्यापासून पुढें आलेला १० इंचांचा हात, व त्याच्या टोंकास दांडी बसेल अशी ५ इंच रुंदीची खांच, खुंट्यांच्या बऱ्याच खालीं येणारी. खांचेस आंतून सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी चिकटविला. दांडीनें तेथें टेकावें, लोंबूं नये. भार सगळा खालीं. म्हणून ओळंबा धरून तंबोरा चार बोटें मागें कलता ठेवला. पुढून एक निघती आडकाठी, तारांपासून बोटभर दूर, पोरांच्या चेंडूसाठीं. बैठकीच्या खालच्या अंगास शहाबादी फरशीचा तुकडा जखडला, म्हणजे तोल जात नाहीं, आणि चारी कोंपऱ्यांस सायकलच्या जुन्या ट्यूबचीं ठिगळें, म्हणजे ती घसरत नाहीं. सुतारानें दोन दिवसांत काम केलें. कुसूं पाडतांना तो कानडींत आणि मापें घेतांना मराठींत बोलत होता.

ही चौकट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. धाब्याच्या घरांत पावसाळ्यांत भिंत ओल धरते आणि ओलीबरोबर वाळवी येते. चुलीची धग व खिडकीचें ऊनही वर्ज्य. गवसणी सुती असावी. मेणकापड घातलें कीं आंत दमट हवा कोंडते. महिना दोन महिने वाद्य वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवाव्या, अगदींच ढिल्या सोडूं नयेत.

पेटी आणि तबला यांचें फारसें कांहीं नाहीं. पेटी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवली कीं उंदरांपासून भाता बराचसा वांचतो, आणि तबला-डग्ग्यास पुन्हा चुंबळच.

श्रावणांत तंबोरा मिरजेहून आला. सांधा गवसणीखालीं दिसत नाहीं; गवसणी काढली कीं मात्र दिसतो. आत्याबाईंनीं चार दिवस जवारी लावण्यांत घालविले, पांचव्या पहाटे खर्ज लाविला, आणि आवाज तोच आहे कीं नाहीं याविषयीं त्या अजून कांहीं बोललेल्या नाहींत. धाकट्या तंबोऱ्याची चौकट आतां पुतण्या करीत आहे. त्याची चुंबळ तिसऱ्यांदा उसवून झाली आहे. मोकळ्या झालेल्या कोंपऱ्यांत सध्यां छत्र्या उभ्या असतात.