दंडाच्या पावतीचा अधिकार

धाराशिव जिल्ह्यातील सामाजिक न्यायाच्या चळवळीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने व्यासपीठावरील भाषणांच्या आधी तलाठ्याचे दप्तर उघडावे, असे माझे मत आहे. कारण ज्या मुलखात जमिनीवरून माणसाची पत आणि भूमिहीनतेवरून त्याची जात ओळखली गेली, तेथे विषमतेची खरी बखर सात-बाराच्या उताऱ्यातच लिहिलेली असते.

1941 च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतन म्हणजे नावाला इनाम आणि बलुते, प्रत्यक्षात मात्र सरकारची व साऱ्या गावाची अष्टौप्रहर वेठ. हे जोखड उतरावे म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. परंतु परस्परांतही विटाळ पाळणाऱ्या दोन जाती त्या परिषदेच्या नावात शेजारी येऊन बसल्या, हे मला त्या विधेयकाहून लहान वाटत नाही.

1948 मध्ये निजामी अंमल संपला, तरी भूमिहीन भूमिहीनच राहिला. 1953 मध्ये मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह झाला आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या भूमिहीनांनी तुरुंग भरले. या लढ्याचे गावपातळीवरील तंत्र मोठे विलक्षण होते. गायरानाचा तुकडा धरायचा, धोंडे वेचायचे, ज्वारी-तूर पेरायची. कोणी उभ्या पिकात गुरे घातली तर पुन्हा पेरायची. अतिक्रमणाचा दंड झालाच तर तो निमूटपणे भरायचा आणि पावती मात्र पत्र्याच्या पेटीत जिवापाड जपायची. कारण गाव नमुना 1-ई मध्ये ज्याची अतिक्रमणदार म्हणून नोंद, त्याच्याच हाती वहिवाटीचा पुरावा! 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करावयाचे ठरले, तेव्हा अपराधाचा तो कागदच हक्काचा कागद झाला. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने बीडकडून हा लढा मराठवाड्यात नेटाने पसरविला. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. शासनाने रीतसर पट्टा दिलेल्या भूमिहीनांना त्यात अपवादाची सवलत असली, तरी पट्ट्याच्या प्रतीक्षेतल्या शेतकऱ्याची झोप त्या आदेशाने उडविलीच.

धाराशिव जिल्ह्यात दुसरी संघटना उभी राहिली ती ढिगाऱ्यांतून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने उमरगा-लोहारा भागातील गावे उद्ध्वस्त केली, आणि घरबांधणीच्या कामात गावोगावच्या स्त्रिया शासन व ग्रामस्थ यांच्यातील दुवा झाल्या. त्यांना एकत्र आणणाऱ्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने पुढे बचतगट बांधले आणि दुष्काळात ‘एक एकर’ शेतीचा मार्ग काढला : घरच्या जमिनीतील एखादा एकर बाईने मागून घ्यावा आणि तेथे नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी, भाजीपाला आपल्या विचाराने पिकवावा. 2016 मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पेरणी काय करावी हे ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने बाईकडे आला. उताऱ्यावरचे नाव मात्र बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचेच राहिले. दिवाळीला गावी जाणाऱ्या वाचकाने एकदा घरचा सात-बारा काढून त्यावर आपल्या आईचे नाव आहे काय, तेवढे पाहावे.