कीर्द संपली की बिघडली?

शाळेच्या कचेरीत दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात आणि मग सवडीने खतावणीत चढवतात. खतावणीचे काम मधेच थांबले, तरी कीर्द पाहून ते पुरे करता येते. संगणकातील माहितीसाठाही हीच युक्ती वापरतो. पोस्टग्रेएसक्यूएल ही माहितीसाठा सांभाळणारी प्रणाली प्रत्येक बदल आधी कीर्दीत लिहिते. तिथली नोंद डिस्कवर पोचली, की मगच 'व्यवहार पक्का' असे कळवते. मधेच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना कीर्द वाचून तक्ते नीट करते.

ही कीर्द आपल्याला वाचता यावी म्हणून एक छोटे साधन सोबत मिळते. ते २०१३ साली आले आणि २०१७ साली त्याचे नाव पीजी_वॉलडम्प झाले. आज्ञा टाइप केली, की ते एकेक नोंद पडद्यावर दाखवते. मात्र लिहिणे चालू असलेल्या फाइलच्या शेवटी ते 'नोंदीत चूक' असे सांगून थांबते. वाचणारा दचकतो. खरेच काही बिघडले आहे का?

कीर्दीची फाइल एरवी १६ मेगाबाइटची असते आणि ती आधीच कोऱ्या पानांसारखी तयार ठेवलेली असते. 'इथे समाप्त' असे तीत कुठेच लिहिलेले नसते. मग शेवट ओळखायचा कसा? प्रत्येक नोंदीला २४ बाइटांचे शीर्ष असते. त्यात नोंदीची लांबी, मागच्या नोंदीचा पत्ता आणि नोंद शाबूत आहे का हे पडताळण्याचा एक अंक असतो. पुढे कोरे पान आले, तर लांबी शून्य निघते. काही वेळा जुनीच फाइल नाव बदलून पुन्हा वापरलेली असते. तेव्हा पुढे जुने लिखाण दिसते, पण त्यातला मागचा पत्ता जुळत नाही. काहीही जुळले नाही, की साधन थांबते.

अडचण अशी, की मधली एखादी नोंद खराब झाली तरीही हेच घडते. म्हणून दोन मते संभवतात. एक म्हणते, शेवट येणे ही रोजची गोष्ट आहे. तिला चूक म्हटले, तर खऱ्या चुकीकडेही कोणी लक्ष देणार नाही. दुसरे म्हणते, साधन गुपचूप थांबले, तर खराब नोंदीलाच शेवट समजले जाईल आणि तिच्यापुढच्या पक्क्या नोंदी हरवल्याचे कळणारही नाही.

आम्हाला वाटते, उत्तर आपण काय विचारले यावर ठरावे. शेवटचे ठिकाण आधी सांगितले, तर हे साधन तिथे बिनतक्रार थांबते. तिथवर पोचता आले नाही, तर ती खरीच चूक. पण ठिकाण सांगितलेच नसेल, तर 'यापुढे वैध नोंद मिळाली नाही' एवढेच म्हणणे प्रामाणिक होईल. वीज गेल्यानंतर कीर्द वाचताना मूळ प्रणालीलाही हाच शेवट भेटतो. ती त्याला चूक म्हणत नाही, साधी माहिती म्हणून टिपून ठेवते.

वर्गात करून पाहा. वीस नोंदींच्या दोन याद्या करा. प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीचा क्रमांक लिहा. एक यादी बाराव्या नोंदीवर संपवा, दुसरीतली तेरावी खोडा. तेराव्या ओळीखालचा भाग झाकून मुलांना विचारा : कोणती यादी संपली आणि कोणती बिघडली? कारणही विचारा.