उसना अधिकार

फरीदाबादेतील एका सरकारी कार्यालयात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. आमच्या शाखेच्या संगणकावर सर्वांच्या सोयीसाठी एक सामाईक डिरेक्टरी केली होती. एके दिवशी तीतून एका सहकाऱ्याचे महिनाभर खपून केलेले तक्ते नाहीसे झाले. फाइल त्याची, तीत लिहिण्याची मुभाही एकट्या त्यालाच. मग ती पुसली कोणी? चौकशीअंती कळले, की दुसऱ्याच एका लिपिकाने ती अनवधानाने पुसली होती आणि यंत्राने नियमास धरूनच त्याला तसे करू दिले होते.

हा नियम कोणता? युनिक्स व तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या प्रणालींत प्रत्येक फाइलीच्या बाबतीत तीन वर्ग मानतात : मालक, गट आणि इतर जन. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि चालविण्याचा 1 अशी बेरीज करून प्रत्येक वर्गास एक अंक मिळतो. 755 म्हणजे मालकास सर्व अधिकार, इतरांस केवळ वाचणे व चालविणे. या तीन अंकांच्या आधी चौथा अंक मांडता येतो. विशेष अनुज्ञा त्यात असतात.

पहिली 'सेटयूआयडी', तिचा अंक 4. परवलीच्या शब्दांची फाइल बदलण्याचा अधिकार 'रूट' या सर्वाधिकाऱ्यासच असतो. तरीही प्रत्येकास स्वतःचा शब्द बदलता आला पाहिजे. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी तोड काढली, तिला 1979 साली पेटंट मिळाले. ही खूण असलेला प्रोग्राम कोणीही चालविला, तरी तो आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो. संविधानाच्या 77 व्या अनुच्छेदानुसार केंद्राचे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात, सही मात्र अधिकाऱ्याची असते. म्हणून तो अधिकारी काही राष्ट्रपती होत नाही!

दुसरी 'सेटजीआयडी', अंक 2. हिच्यायोगे प्रोग्रामास गटाचा अधिकार लाभतो. डिरेक्टरीवर ती लावल्यास तीत निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल त्या डिरेक्टरीच्याच गटाची होते.

तिसरी 'स्टिकी', म्हणजे चिकट, अंक 1. पूर्वी तिच्यामुळे प्रोग्राम संपल्यावरही त्याची प्रत स्मृतीच्या राखीव भागात चिकटून राही, नाव तेव्हाचे. आता ती डिरेक्टरीसाठी वापरतात. डिरेक्टरी ही एक नोंदवही आहे आणि फाइल पुसणे म्हणजे तीतील नोंद खोडणे. साहजिकच ज्याला वहीत लिहिता येते, त्याला दुसऱ्याची नोंदही खोडता येते. चिकट खूण असली, म्हणजे फाइलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट यांनाच ती खोडता येते. तात्पुरत्या फाइलींची 'टीएमपी' डिरेक्टरी म्हणूनच 1777 असते. आमची नुसती 777 होती.

यांपैकी सर्वांत जपून वापरावयाची ती पहिली. 'पीकेएक्झेक' या सेटयूआयडी प्रोग्रामात 2009 पासून दडून राहिलेला एक दोष जानेवारी 2022 मध्ये उघडकीस आला. त्याच्या आधारे कोणीही सामान्य वापरकर्ता रूट बनू शकत होता. यास्तव व्यवस्थापकाने अशा प्रोग्रामांची यादी वेळोवेळी काढावी आणि गरज नसेल तेथील 4 उतरवावा. आमच्या शाखेने त्या दिवशी डिरेक्टरीपुढे 1 मांडला. तक्ते मात्र त्या सहकाऱ्यास पुन्हा करावे लागले.