पिल्लाच्या आहारातील बदल

कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात दुग्धशर्करा अधिक व स्निग्धांश कमी असतो. त्यामुळे आईपासून दुरावलेल्या पिल्लास गाईचे दूध पाजले असता पुष्कळदा हगवण लागते. आतड्यातील पाचकरसांना व जीवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास अवधी लागतो. म्हणून नव्या घरीही आरंभी सवयीचेच अन्न चालू ठेवावे. मग त्यात नवे अन्न प्रथम पाव हिस्सा, दोनतीन दिवसांनी निम्मे, नंतर पाऊण असे वाढवीत ७ ते १० दिवसांत बदल पुरा करावा. मल पातळ झाल्यास मागील प्रमाणावर परतावे. मात्र ओकारी, रक्त वा मरगळ दिसल्यास दोष अन्नाचाच मानून स्वस्थ बसू नये. पार्व्हो विषाणूचा रोगही असाच सुरू होतो आणि लहानग्या देहातील पाणी झपाट्याने आटते. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.