तलवारबंदी उठली, किमतीची बंदी कोण उठवणार?

या देशातल्या खालच्या वर्गांनी क्रांती का केली नाही, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दिले आहे. चातुर्वर्ण्याने त्यांना शिक्षण नाकारले आणि शस्त्रही नाकारले. पुढे इंग्रज सरकारनेही १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबवली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. तलवार कुणाच्या हाती असावी, हे आजवर जातीने ठरवले. आज ते काम पैसा करतो आहे.

आम्ही बोलतो आहोत ते तलवारबाजी या खेळाबद्दल. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून हा खेळ चालत आला आहे. फॉइल, ईपी आणि सेबर असे त्याचे तीन प्रकार. टोक बोथट, अंगावर जाड जॅकेट, तोंडावर जाळीचा मास्क. धम्म मानणाऱ्यांनी हाती तलवार कशाला घ्यायची, असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की या खेळात रक्त सांडत नाही. लढतीपूर्वी प्रतिस्पर्ध्याला सलामी द्यावीच लागते, न देणाऱ्यावर कारवाई होते. गुण मिळतो तो स्पर्शाने. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या मुलांसमोर समोरच्याने आधी सलामी द्यायची, यापेक्षा वेगळा समतेचा धडा कोणता?

नाशिक हे या खेळाचे महाराष्ट्रातले एक जुने केंद्र. अशोक दुधारे यांच्यासारख्या संघटकांनी तो येथे रुजवला. राष्ट्रीय स्पर्धाही या शहरात झाल्या. पंचवटीत हिरावाडीला विभागीय क्रीडा संकुल आहे. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा दार बंद होते. संकुलाचे दार उघडे आहे, पण फुलेनगरच्या, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतल्या मुलाला आत जाऊन खेळायचे तर साहित्य लागते, आणि ते साहित्य रोजंदारीवर जगणाऱ्या बापाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तलवारीचे पाते तुटते, बदलावे लागते. मूल वाढते, जॅकेट लहान होते. स्पर्धेत स्पर्शाची नोंद विजेवर होते, म्हणून धातूच्या धाग्याचे वेगळे जॅकेट आणि तारा लागतात. पोरगा गुणी निघाला की खर्च वाढत जातो, आणि नेमका तेव्हाच तो खेळ सोडतो.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली उतरलेली चेन्नईची भवानी देवी ही त्या मैदानावरची पहिली भारतीय तलवारबाज. महाग तलवार स्पर्धेसाठी जपायची म्हणून सुरुवातीला ती बांबूच्या काठीने सराव करीत असे. तिची जिद्द मोठी. पण प्रत्येक मुलाने बांबूवर भागवावे, असा त्याचा अर्थ काढणे हा सरकारला पळवाट देण्याचा प्रकार होईल.

पीटर वेस्टब्रुक यांचे उदाहरण आम्हाला अधिक जवळचे वाटते. वडील कृष्णवर्णीय, आई जपानी, बालपण न्यूअर्कच्या गरीब वस्तीत. तलवारबाजीच्या प्रत्येक तासाला पाच डॉलर देऊन आईने त्यांना या खेळाकडे वळवले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सेबरमध्ये कांस्यपदक जिंकले. पदक घेऊन ते घरी बसले नाहीत. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संस्था काढून त्यांनी वस्त्यांतल्या मुलांना हा खेळ शिकवला. गोऱ्या श्रीमंतांचा समजला जाणारा हा खेळ त्या मुलांनी ऑलिम्पिक पदकापर्यंत नेला. २०२४ मध्ये वेस्टब्रुक गेले, काम मागे राहिले.

मग आपण काय करायचे? वस्त्यावस्त्यांत समाजमंदिरे आणि विहारे आहेत. त्यांतली अनेक जयंती आणि लग्नाखेरीज कुलूपबंद असतात. स्पर्धेची पट्टी चौदा मीटर लांब असते. पण पावले टाकणे, झेप घेणे, वार अडवणे हे शिकायला अंगण पुरते. दहा मास्क, दहा जॅकेट, दहा तलवारी एवढ्यात तीस मुले आळीपाळीने शिकू शकतात. साहित्य मुलाच्या नावावर नको, वस्तीच्या मालकीचे हवे. मोठ्याला लहान झालेले जॅकेट धाकट्याला मिळेल. मात्र मास्कमध्ये काटकसर करू नये. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत तुटलेले पाते मास्क भेदून गेले आणि सोव्हिएत विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह मरण पावला. त्यानंतरच सुरक्षेचे नियम कडक झाले.

दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून भिंती बांधल्या जातात. त्याच निधीतून साहित्य आणि प्रशिक्षकाचे मानधन मिळावे, ही मागणी नगरसेवकांनी महापालिकेत लावून धरावी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आपली मुले मैदानावरच नसतील, तर त्या जागा कोण भरणार?

आणि सरकारची वाट पाहत बसू नये. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जी वर्गणी उडते, तिच्यात एका वस्तीचे निम्मे साहित्य सहज येईल. येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत मंडळांनी हा विषय पहिला घ्यावा, आणि पहिली तलवार वस्तीतल्या मुलीच्या हाती द्यावी.