खोकड, कुत्रं आणि 50 लाख पायऱ्या

सेलू तालुक्यातल्या वालूरच्या शिवारात हरभरा निघाला की धुऱ्याचं बीळ उघडं पडतं. तोंडाशी उकरलेली माती, उंदराची हाडं, बोरांच्या बिया. दिवस मावळताना आतून कान टवकारून बाहेर येतं ते खोकड: जेमतेम तीन किलोचं, शेपटीचा गोंडा टोकाला काळा. गावातलं कुत्रं मागे लागलं की दोन हुलकावण्या देऊन पुन्हा बिळात गडप. या दोघांचा पूर्वज एकच होता. त्यांच्या वाटा फुटल्या त्याला साधारण 1 कोटी वर्षं झाली. कुणी 90 लाख धरतं, कुणी 1 कोटी 20 लाख.

1 कोटी हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा आहे. तो पायाखाली घ्यायचा तर वालूरच्याच बारवेत उतरू. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली पाण्याकडे जातात. एक पायरी म्हणजे खोकडाची एक पिढी समजा. पिढी दोन वर्षांची धरली तर 50 लाख पायऱ्या होतात. पायरी 20 सेंटिमीटरची धरली, तर बारव 1000 किलोमीटर खोल जाईल. पृथ्वीचं कवच इथे 35-40 किलोमीटरच्या आसपासच संपतं. आपली माणसाची जात 3 लाख वर्षांची. 25 वर्षांची पिढी धरून आपल्या पायऱ्या 12,000, म्हणजे खोली 2.4 किलोमीटर. पुढचा सारा उतार खोकडाने एकट्याने उतरायचा.

हे वय काढलं कसं? डीएनएची नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. आईबाप आणि पिल्लं माहीत असलेल्या लांडग्यांवर 2019 मध्ये झालेल्या अभ्यासात हा वेग मोजला गेला: दर 100 कोटी अक्षरांमागे पिढीला साडेचार चुका. कुत्र्याच्या जनुकसंचात 240 कोटी अक्षरं, आई-बापाकडून एकेक प्रत, म्हणजे 480 कोटी. गुणाकार केला तर प्रत्येक पिल्लात नव्या चुका एकवीस-बावीस. खोकडालाही हाच वेग लावला, तर वालूरच्या बिळातलं प्रत्येक पिल्लू एवढा बदल घेऊन जन्माला येतं. दोन प्राण्यांतला फरक मोजायचा, तो दोन्ही फांद्यांवर साचलेला म्हणून निम्मा करायचा आणि वर्षाला किती चुका पडतात, त्या वेगाने भागायचं. 1962 मध्ये झुकरकांडल आणि पॉलिंग या शास्त्रज्ञांनी हिमोग्लोबिनवर हाच विचार मांडला.

खरी मेख भाजकात आहे. पिढी दोनऐवजी तीन वर्षांची धरली की तोच फरक साचायला दीडपट काळ लागतो आणि वय लाखो वर्षांनी मागे सरकतं. म्हणून नुसत्या भागाकारावर कुणी विसंबत नाही, दगडातला पुरावा लागतो. आफ्रिकेतल्या चाडच्या वाळवंटात 70 लाख वर्षांपूर्वीच्या खोकडवंशाचं जीवाश्म सापडलं आहे. त्यामुळे हा वंश त्याहून अलीकडचा असूच शकत नाही. मला या शास्त्रात सगळ्यात मोलाची वाटते ती ही शिस्त: आकडा कितीही डोळे दिपवणारा असो, त्याला खुंटा जमिनीतच ठोकायचा.

अलीकडच्या फांद्याही अशाच मोजल्या जातात. तांबड्या खोकडावरचा 2014 चा अभ्यास सांगतो की अमेरिकेतले बहुतेक तांबडे खोकड युरोप-आशियातल्या भाऊबंदांपासून सुमारे 4 लाख वर्षं तुटलेले आहेत. बारवेच्या मापाने 40 किलोमीटर. दिसायला मात्र दोघे सारखेच. उलट कुत्र्याची गुणसूत्रं 78, आपल्या खोकडाची 60, तांबड्याची 34. एकाच घराण्यात एवढी उलथापालथ झाली आहे.

आपलं खोकड भारतीय उपखंडाबाहेर कुठेच नाही. ते राहतं माळावर आणि धुऱ्यावर, आणि माळ सरकारदरबारी अजून पडीक म्हणूनच मोजला जातो. उन्हाळ्याच्या तोंडाला बिळात पिल्लं असतात. धुरा फोडायला जेसीबी लावायचा असेल तर आधी बिळाचं तोंड पाहा, माती ताजी असेल तर पावसाळ्यापर्यंत तेवढा तुकडा सोडा.